खालच्या लीगमधल्या क्लबाने खेळाडू कुठून आणि कसे घ्यावेत? (तळकोकण)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात आमचा फुटबॉल क्लब आहे. संघनिवडीचं काम माझ्याकडे असतं. आत्तापर्यंत जिल्ह्यातल्या स्पर्धा आणि आजूबाजूच्या नाईट टुर्नामेंट खेळत आलो. आता जिल्ह्याबाहेर पडून लीग खेळायचं ठरतंय, अगदी खालच्या पायरीवरून का होईना. त्यासाठी खेळाडू कसे घ्यायचे यावरून समितीत दोन तट पडलेत. दोन्हीकडची माणसं क्लबाच्या भल्याचंच बोलतायत, म्हणून इथे विचारतोय.

एका गटाचं म्हणणं असं की प्रायोजक मिळण्याची शक्यता आहे तर कोल्हापूर, गोवा, मुंबईहून चार-पाच तयार खेळाडू आणा, बाकीच्या जागा गावातली पोरं भरतील. माझं म्हणणं, मंगळवार-गुरुवारच्या सरावाला जो येऊ शकत नाही त्याला संघात घेऊच नये, मग तो कितीही चांगला खेळाडू असो.

आपल्याकडच्या सेव्हन-ए-साइड स्पर्धांनी भाड्याच्या खेळाडूची सवय लावली आहे. शनिवारी संध्याकाळी गाडीतून उतरायचं, दोन रात्री खेळायचं, पाकीट घ्यायचं, सोमवारी पहाटे परत. तिथे ते चालून जातं, कारण मैदान लहान, मॅच छोटी, एकट्याच्या पायावर निकाल फिरतो. लीगची गोष्ट निराळी. अकरा जणांनी नव्वद मिनिटं खेळायचं आणि तेही आठवड्यामागून आठवडे. बचावफळीने एकत्र वर कधी सरकायचं, कॉर्नरला कोण कोणाला धरणार, आपल्या गोलकीपरला मागे दिलेला पास उजव्या पायावर हवा की डाव्या, हे गाडीतून उतरल्या उतरल्या सांगून होत नाही. शिवाय त्याच शनिवारी दुसरीकडे जास्त पैशांची स्पर्धा लागली की तो तिकडे जाणार. त्याला दोष देत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण त्याच्या जागेवरचा आपला मुलगा दोन हंगाम बाकावर बसतो आणि तिसऱ्या हंगामात टेनिस बॉल क्रिकेटला निघून जातो. तो परत येत नाही.

दुसरी गोष्ट वर्षाच्या गणिताची. जाळं टाकण्याआधी माणूस भरती-ओहोटी बघतो, तसं खेळाडू घेण्याआधी त्याचं वर्ष बघायला हवं. जूनमध्ये भाताचा तरवा, जुलैमध्ये लावणी. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरवरची पोरं मोकळी असतात, पण नेमका तेव्हाच पाऊस असा असतो की सड्यावरचं (जांभ्याच्या पठारावरचं) मैदान सोडून कुठे उभं राहता येत नाही. ऑगस्टपासून ती पोरं समुद्रात. भाद्रपदात गणपती. मार्चपासून आंबा-काजू, मे संपेपर्यंत बागायतदाराचा मुलगा कलमांतून हलत नाही. मधे शिमगा आणि पालख्या. त्यात दहावी-बारावी. म्हणजे दर सामन्याला सोळा जण हजर हवे असतील तर यादीत पंचवीस हवेत, आणि ते पंचवीस वेगवेगळ्या धंद्यांतले हवेत. सगळे बंदरावरचे घेतले की ऑगस्टमध्ये संघ बसला. सगळे बागवाले घेतले की एप्रिलमध्ये बसला. या हिशेबाने यादी बनवलेली मी अजून कुठल्या क्लबात पाहिली नाही.

आता खेळाडू बघायचा कसा, यावर थोडं. मी पहिली पंधरा-वीस मिनिटं बॉलकडे बघतच नाही. गेल्या पावसाळ्यात सड्यावरच्या एका शाळेच्या मैदानावर डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, खेळणारा एक मुलगा दिसला. पायात एक नंबर मोठे बूट, आत दोन जोड मोजे. दोरीच्या बाहेरची सगळी माणसं समोरच्या संघातल्या ड्रिबलिंग करणाऱ्या पोराला टाळ्या देत होती. हा मात्र आपल्या संघाचा बॉल गेला रे गेला की धावायच्या आधी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचा, समोरच्यांचा विंगर, म्हणजे कडेने चढणारा खेळाडू, कुठे आहे ते. मग धावायचा. दर वेळी. दमल्यावर शेवटच्या दहा मिनिटांतसुद्धा ती मान वळत होती. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, मी जाऊन विचारलं. असा मुलगा बॉल थांबवायला सहा महिन्यांत शिकतो. नुसतं ड्रिबलिंग येणारा मागे बघायला शिकेल याची मला तेवढी खात्री वाटत नाही.

तर प्रश्न असे: चाकरमान्यांच्या मुलांचं काय करावं? गोव्याच्या हद्दीपलीकडचे खेळाडू घ्यावेत का? गोलकीपर कुठून आणावा, कारण तो आमच्याकडे नाहीच? आणि पैसे कमी असताना खेळाडूला द्यायचं काय?

---

रंकाळा

धागा आवडला. पण मी बाहेरचे खेळाडू आणा म्हणणाऱ्या गटाच्या बाजूने.

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही पेठापेठांची मंडळं आणि तालमी. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की गावातलं वातावरण कसं असतं ते सांगायला नको. आमच्याकडेही बाहेरचे खेळाडू येतात, आफ्रिकेतलेसुद्धा. त्यावर वाद झाले, अजून होतात. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. बाहेरचा एक तगडा सेंटर हाफ (बचावफळीच्या मधला खेळाडू) आला की शेजारी खेळणारा आपला पोरगा त्याच्याकडून शिकतो. कुठे उभं राहायचं, कधी ओरडायचं, रेफरीशी किती बोलायचं. गावातल्याच गावात खेळून हे येत नाही.

आणि तुम्हाला उदाहरण हवं असेल तर मिझोरामचा ऐझॉल क्लब घ्या. २०१६-१७ ची आय-लीग, तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, त्यांनी जिंकली. मिझो पोरांचा संघ म्हणून सगळे कौतुक करतात, पण मिडफिल्डला सीरियाचा अल अमना होता, लायबेरियाचा जरियन होता, आणि प्रशिक्षक खालिद जमीलने मुंबईहून जयेश राणे, आशुतोष मेहता नेले होते. बाहेरचे नसते तर झालं असतं का?

---

खाडीकाठ

रंकाळा, ऐझॉलचं उदाहरण एकदम योग्य आणलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. ते सगळे हंगामभर ऐझॉलमध्ये राहिले. रोज सराव केला. राणे आणि मेहता खालिद जमीलच्या हाताखाली मुंबई एफसीत आधी खेळलेले होते, म्हणजे प्रशिक्षकाला ते आतून-बाहेरून माहीत होते. त्यांची निवड नाव बघून झाली नव्हती, ओळखीवर झाली होती. आणि मूळ संघ मिझो होता कारण मिझोरामने २०१२ पासून स्वतःची प्रीमियर लीग चालवली, गावागावातून पोरं तिथे आली.

बाहेरचा नको असं मी म्हणत नाही. इथे राहणारा हवा. तुमचा सेंटर हाफ हंगामभर मालवणात खोली घेऊन राहणार असेल तर मी स्वतः त्याच्या जेवणाची सोय करतो.

---

तळकोकणी

माका एक सांगूचा आसा. खाडीकाठ बंदरावरची पोरां म्हणतत, पण सगळी एक नाय. ट्रॉलरवर जाणारो झील चार-चार दिस भायेर असता, तेचो काय भरवसो नाय. पण रापणीवरची पोरां येगळी. ती सकाळी किनाऱ्यावर रापणीचा जाळां वढतत, दुपारी घराक, सांजवेळाक मोकळी. आणि रापण वढणाऱ्याचे पाय बघा, वाळूत धावान धावान कसे झालेले असतत. तेंका बोलवा. रापणकाराक जाऊन भेटा, पोराक नको, तेच्या बापाशीक भेटा. बापूस हो म्हणालो काय पोरगो येतलोच.

---

खाडीकाठ

तळकोकणी, हे फार कामाचं सांगितलंत. ट्रॉलर आणि रापण हा फरक यादीत लिहून ठेवायलाच हवा. मी सगळ्यांना ‘मासेमारी’ या एका रकान्यात टाकत होतो.

---

लेफ्टविंग

मी बरीच वर्षं इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजन फॉलो करतो, म्हणून तिकडचं थोडं.

लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. मॅथ्यू बेनम या त्यांच्या पाठीराख्याने २०१२ मध्ये क्लब ताब्यात घेतला. त्याचा धंदा सट्टेबाजीच्या आकडेशास्त्राचा, तीच पद्धत त्याने खेळाडू निवडायला लावली. गोल किती केले यापेक्षा गोलाच्या संधी कुठून आणि किती चांगल्या मिळवल्या, हे मोजायचं. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःची अकादमी बंद केली, कारण तयार केलेली पोरं मोठे क्लब किरकोळ भरपाई देऊन उचलून न्यायचे. त्याऐवजी मोठ्या क्लबांनी सोडून दिलेली सतरा ते वीस वयाची पोरं गोळा करून बी टीम केली. २०२१ मध्ये ते इंग्लंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये पोचले.

पण मला तुमच्यासाठी ब्रेंटफर्डपेक्षा एक्सेटर जास्त जवळचं वाटतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, लंडनपासून लांबचं गाव. २००३ पासून क्लबाची मालकी पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे आहे, धनाढ्य मालक नाही. ते आपल्याच भागातली पोरं लहानपणापासून धरून ठेवतात. ऑली वॉटकिन्स त्यांच्याच अकादमीतला. त्याला मधे त्यांनी आणखी खालच्या लीगमध्ये वेस्टन-सुपर-मेअरला उसना दिला, मोठ्या माणसांत खेळून तयार व्हायला. २०१७ मध्ये ब्रेंटफर्डने त्याला सुमारे १८ लाख पौंडांना घेतलं आणि २०२० मध्ये ॲस्टन व्हिलाला सुमारे २ कोटी ८० लाखांना विकलं. विकताना एक्सेटरने पुढच्या विक्रीतला हिस्सा करारात लिहून घेतला होता, त्यामुळे दुसऱ्या व्यवहारातही त्यांना पैसे मिळाले.

यातून तुम्हाला घेण्यासारख्या दोन गोष्टी. एक, आपला चांगला मुलगा वर जाणारच, त्याला अडवू नका, पण जाताना कागद नीट करा. दुसरी, उसना देण्याची कल्पना. तुमच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बाकावर बसवण्यापेक्षा शेजारच्या लहान क्लबाला एका हंगामासाठी द्या.

आणि नाकारलेल्या पोरांकडे लक्ष ठेवा. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलं. तो कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिजकडून खेळत होता. फ्लीटवुडहून लेस्टरने २०१२ मध्ये घेतला आणि २०१६ मध्ये तो प्रीमियर लीगचा विजेता होता.

---

रंकाळा

वार्डीचं उदाहरण सगळे देतात हो, पण वार्डी एक आणि सोडून दिलेली पोरं हजारो. त्यावर धोरण उभं करू नये.

---

लेफ्टविंग

मान्य. वार्डी सापडेल म्हणून शोधू नका. पण कुठल्या तरी निवड चाचणीत ‘उंची कमी’ एवढ्याच कारणाने गळालेला मुलगा तुमच्या पातळीवर दहा वर्षं उत्तम खेळू शकतो. वरच्या पातळीवरच्या गाळणीत काय चुकतं हे माहीत असणं हाच खालच्या क्लबाचा फायदा.

---

सुरंगी

मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, कोकणातच. लेफ्टविंग यांनी गाळणीचं म्हटलं, त्यात भर.

चौदा वर्षांखालच्या गटात निवडल्या जाणाऱ्या मुलांचे जन्ममहिने एकदा बघा. जानेवारी ते मार्चची मुलं जास्त आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची अगदी कमी दिसतील. जगभर हे आढळून आलं आहे. १ जानेवारी ही वयाची सीमारेषा असली की जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि अंगातली ताकद. निवडणाऱ्याला तो ‘हुशार’ वाटतो. डिसेंबरवाला घरी जातो. अठराव्या वर्षी दोघं सारखे होतात, पण तोवर त्याने खेळ सोडलेला असतो. खाडीकाठ, तुम्ही वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जन्मलेल्या, तरीही अजून खेळत टिकलेल्या मुलांची वेगळी यादी करा. मोठ्यांशी झुंजत टिकलेली मुलं डोक्याने खेळायला शिकलेली असतात.

हे सगळं खरं वय धरून. दाखल्यावर वय कमी केलेली मुलं आपल्याकडे येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. हाडांवरून वय ठरवणारी टीडब्ल्यू-३ चाचणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ वयोगटांच्या स्पर्धांत वापरतो. खोट्या वयाचा मुलगा आज जिंकून देतो आणि पुढे त्या चाचणीत अडकतो, मग मुलाचंही नुकसान आणि क्लबाचंही.

कुठे बघायचं म्हणाल तर सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या. भर पावसात होतात, प्रेक्षक कोणी नसतो, आम्ही दोन-चार शिक्षक छत्र्या घेऊन उभे असतो. निवडीसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. ओल्या मैदानावर कोणाचा पहिला स्पर्श ताब्यात राहतो ते लगेच दिसतं. शाळेला फक्त आधी कळवा आणि मुलाशी थेट बोलू नका, आधी आमच्याशी आणि मग पालकांशी.

पालकांशी काय बोलायचं तेही सांगते. ‘तुमचा मुलगा मोठा खेळाडू होईल’ असं सांगू नका. आई विचारते, सराव संपल्यावर घरी कसा येणार? शेवटची एसटी किती वाजता, तिच्या आधी सराव संपेल का, नाही संपला तर कोण सोडणार? याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल तर ती पाठवते. आमच्या शाळेतल्या दोन अतिशय चांगल्या मुलांचा खेळ एसटीच्या वेळेपायी सुटला.

---

खाडीकाठ

सुरंगीताई, एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून सरावाची वेळ ठरवतो. आमचा सराव साडेसहाला संपतो आणि आतल्या गावांकडे जाणारी गाडी त्याआधीच सुटते. हे बदलता येण्यासारखं आहे.

जन्ममहिन्याच्या यादीचं आजच सुरू करतो.

---

विरारलोकल

मूळ गाव देवगड तालुक्यात, राहायला विरारला. माझा पुतण्या फुटबॉल खेळतो म्हणून चाकरमान्यांबद्दल लिहितो.

विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली इथे आपल्या गावांकडची किती पोरं फुटबॉल खेळतायत याची गावात कल्पना नाही. पण बहुतेक टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळतात, पाच-पाच किंवा सहा-सहाच्या संघात. त्यांचा बॉलवरचा ताबा गावातल्या पोरांपेक्षा चांगला असतो, कारण जागाच नसते. पण मोठ्या मैदानावर आणलं की वीस मिनिटांत श्वास लागतो, आणि लांब पास मारायची सवयच नसते. पुतण्या सुट्टीत गावच्या सड्यावर खेळला तेव्हा पहिल्या दिवशी पायाला फोड आले. टर्फचे बूट जांभ्यावर चालत नाहीत.

तुमचा मंगळवारचा नियम या पोरांना बाहेरच ठेवतो, आणि ते मला बरोबर वाटत नाही. ती गावचीच आहेत. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात येतातच. कोकण रेल्वेचं तिकीट तर आरक्षण उघडल्या दिवशी काढून ठेवलेलं असतं.

---

खाडीकाठ

विरारलोकल, तुमचा मुद्दा मनाला लागला. संघात घेण्याबद्दल माझं मत बदललं नाही, कारण हंगाम ऑक्टोबरनंतर तापतो आणि तेव्हा ती मुलं मुंबईत असतात. पण त्यांना बघणं, ओळखणं हे आपण करायलाच हवं. गणपतीत अख्खा तालुका गावात असतो. गौरी-विसर्जनानंतर एक दिवस गावातली पोरं विरुद्ध चाकरमान्यांची पोरं अशी मॅच ठेवली तर एका दिवसात दोन्हीकडची बघून होतील. बारावीनंतर गावाकडे यायचा विचार करणारे काही असतात. इकडे कॉलेजला, आयटीआयला, हॉटेलच्या कामाला. तसा मुलगा असेल तर त्याच्या नावापुढे खूण करून ठेवायची आणि वर्षभर फोनवर संपर्क ठेवायचा. पुतण्याला नक्की पाठवा, बूट मी देतो.

---

मांडवीपार

गोव्यातून. मराठी घरातला, पेडणे तालुक्यातला.

गोव्याचे खेळाडू घ्यावेत का, असं विचारलंय. घ्या, पण कोणते ते बघा. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हापासून इकडच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंचे दिवस अवघड गेले. वीस-एकवीस वर्षांचा गोंयकार तुमच्याकडे येणार नाही, तो अजून आयएसएलची, देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची, स्वप्नं बघतो. पण अठ्ठावीस-तीसचा, इकडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेला, लग्न झालेला, मोपा विमानतळावर किंवा म्हापशात नोकरी करणारा खेळाडू तुमच्या उपयोगाचा. पेडण्याहून बांदा-सावंतवाडी संध्याकाळी मोटरसायकलवर होतं. शिफ्ट जुळली तर तो तुमच्या मंगळवारला येईल. मोपाचं विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं, तेव्हापासून सिंधुदुर्गातलीही बरीच पोरं इकडे कामाला येतात, म्हणजे गाडीला जोडीदारही मिळतो.

आणि गोलकीपर. तुम्हाला खेळणारा गोलकीपर नको, शिकवणारा गोलकीपर हवा. वय झालेला, गुडघे गेलेला, आठवड्यातून एक दिवस येऊन तुमच्या दोन पोरांना तयार करील असा. गोव्यात असे जुने गोलकीपर वाड्यावाड्यावर आहेत. ऐझॉल जिंकलं तेव्हा त्यांच्या गोलात आमचा आल्बिनो गोम्स होता, हे वर कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

---

रंकाळा

गोलकीपरबद्दल मांडवीपारांना पूर्ण अनुमोदन. आणि पोरं शोधताना व्हॉलीबॉलच्या कोर्टवर जा. उडी, हात आणि बॉलचा अंदाज तिथे आयता तयार मिळतो. पायाचं काम शिकवावं लागेल, पण उंच बॉलला न घाबरणारा मुलगा मिळणं सगळ्यात अवघड असतं.

---

शिट्टी

रेफरी म्हणून काम करतो, नोंदणीची कागदपत्रंही हाताळतो. तुम्ही लीगमध्ये उतरताय, तर काही गोष्टी आधीच.

खेळाडूची नोंदणी महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीवर करायची. पूर्वी दुसऱ्या क्लबात नोंद असेल तर ट्रान्सफर करावी लागते, आणि मांडवीपारांचा खेळाडू घ्यायचा असेल तर ती आंतरराज्य ट्रान्सफर, म्हणजे दोन्ही राज्य संघटनांच्या टेबलांवरून कागद जाणार. वेळ लागतो. ट्रान्सफरची विंडो (ठरलेली मुदत) बंद व्हायच्या आदल्या दिवशी फोन करू नका.

लेफ्टविंग म्हणाले कागद नीट करा, त्याचा अर्थ असा. फिफाच्या नियमांनुसार खेळाडूच्या बारा ते तेवीस या वयातल्या प्रत्येक हंगामाची नोंद त्याच्या प्लेअर पासपोर्टमध्ये असते. पुढे पैसे देऊन त्याची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली तर रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा वयाच्या दर हंगामाला ०.२५ टक्के, सोळा ते तेवीसला ०.५ टक्के. तुमच्याकडून असा खेळाडू निघेल की नाही हा मुद्दा बाजूला ठेवा. पण नोंदच नसेल तर मिळणार काहीच नाही. किनाऱ्यावरच्या क्लबांत पोरं आठ-आठ वर्षं खेळतात आणि त्यांची पहिली अधिकृत नोंद मुंबईच्या क्लबात होते, हे मी अनेकदा बघितलंय. त्या पोराला चप्पल घालून पहिल्यांदा मैदानावर आणणाऱ्या माणसाचं नाव कुठेच नसतं. म्हणून बारा वर्षांचा झाला की नोंद करा.

वर जायचा रस्ताही माहीत असू द्या. राज्य लीगमधून आय-लीग ३, ती २०२३ मध्ये सुरू झाली, राष्ट्रीय रचनेतली ती चौथी पायरी. तिथवर पोचायला वर्षं लागतील, पण तिथे पोचलेल्या संघाला युवा संघ, प्रशिक्षकाचा परवाना असं बरंच दाखवावं लागतं. भाड्याच्या खेळाडूंवर उभा असलेला क्लब त्या दारात अडतो.

---

लेफ्टविंग

शिट्टी यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

खाडीकाठ, आकडेवारी तुमच्या पातळीवर कुठेही विकत मिळणार नाही, स्वतःच करावी लागेल. एक मोबाइल ट्रायपॉडवर मध्यरेषेजवळ उंचावर लावा, सड्याचा बांध असेल तर त्यावर. बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका, शक्य तितकं मैदान स्थिर दिसू द्या, नाहीतर तुमच्या डाव्या बॅकची मान दिसणारच नाही. नंतर बसून फक्त तीन गोष्टी मोजा: कुठून शॉट मारला, बॉल कुठे गमावला, गमावल्यावर कोण किती लवकर मागे आला. एक हंगाम एवढंच केलंत तरी समोरच्या संघातला कोण घेण्यासारखा आहे हे भाषणांपेक्षा जास्त कळेल.

---

तळकोकणी

पैशाचा कोणी बोलला नाय. खेळाडूक द्यायचा काय?

---

खाडीकाठ

तळकोकणी, बरोबर धरलंत. यावर गेले काही दिवस समितीत बोलणं चाललंय, ते सांगतो.

मानधनाच्या शर्यतीत आपण पडलो तर हरणार, कारण एका नाईट टुर्नामेंटचं पाकीट आपल्या महिन्याच्या खर्चाएवढं असतं. मुंबईच्या फुटबॉलमध्ये एअर इंडिया, ओएनजीसी, बँका, मिल यांचे संघ इतकी वर्षं टिकले ते खेळाडूला नोकरी होती म्हणून. नोकरी असलेला माणूस संघ सोडत नाही. आपल्याकडे तेवढी मोठी कंपनी नाही, पण प्रायोजक हॉटेलवाले आहेत, काजू प्रक्रियावाले आहेत, आंब्याचं पॅकिंग करणारे आहेत. त्यांच्याकडे आम्ही जर्सीवरच्या नावाचे पैसे मागतो. त्याऐवजी दोन पोरांना वर्षभराचं काम मागायचं, आणि मंगळवार-गुरुवार पाच वाजता सुटी. एकाने तयारी दाखवली आहे. त्यांना माणसं हवीच असतात, पोराला पगार मिळतो, आपल्याला खेळाडू मिळतो. बाहेरून येणाऱ्या सेंटर हाफलाही हीच सोय.

याशिवाय बूट, प्रवासाचा खर्च आणि दुखापत झाली तर डॉक्टरचं बिल क्लब भरणार. गुडघा दुखावलेल्या पोराकडे क्लबाने पाठ फिरवली की त्याच्या वाडीतून दुसरा पोरगा येत नाही. जांभ्याच्या कडक मैदानावर गुडघे दुखावतात, हे धरूनच चालायचं.

समितीसमोर पुढच्या बैठकीत मी हे मांडणार: यादी पंचवीसची, प्रत्येकाच्या नावापुढे जन्ममहिना, धंदा आणि शेवटची एसटी. बाहेरचे जास्तीत जास्त तीन, ते सरावाला येणारे, आणि ते गोलकीपर, सेंटर हाफ, सेंट्रल मिडफिल्ड याच जागांवर, कारण तिथून ते आजूबाजूच्यांना खेळवू शकतात. फॉरवर्ड आपलेच. गोल मारणारा गावचा असला की मैदानावर गर्दी होते, हेही खरं. रंकाळा, यात तुमचा अर्धा मुद्दा मी घेतलाय.

---

रंकाळा

अर्धा कसला, पाऊण घेतलाय. तीन ठीक आहेत. फक्त सेंटर हाफ घेताना बोलका घ्या. मुका सेंटर हाफ कितीही चांगला असला तरी शेजारच्या पोराला त्याच्याकडून काही मिळत नाही.

---

सुरंगी

मुलींच्या संघाचं काय? माझ्या शाळेत मुलींना खेळायचं आहे आणि दहावीनंतर त्यांना एकही क्लब नाही. याच धाग्यात नको, पण समितीत विषय घ्या.

---

खाडीकाठ

ताई, घेतो. बैठकीला तुम्हीच आलात तर जास्त बरं, पत्र पाठवतो.

---

विरारलोकल

पुतण्या गणपतीत येतोय, त्याचे दोन मित्र पण आहेत, एक कणकवलीचा, एक आचऱ्याचा. आचऱ्याचा डावखुरा आहे.

---

शिट्टी

तिघांना येताना जन्मदाखल्याची मूळ प्रत आणायला सांगा, झेरॉक्स नको. मुंबईत कुठल्या क्लबात नोंद झाली आहे का तेही आधी विचारून घ्या. त्या मॅचला मी शिट्टी घेऊन येतो.